पन्नास मिनिटांचं धुणं

वेळ काढ गं, नेझा, म्हणते माझी बहीण उर्शा,
जणू वेळ म्हणजे फडताळावरची बरणी,
टाचा उंचावल्या की आली हाताशी.

आमच्या इद्रियात बहुतेक घरी एक लोड असतो,
भुशानं ठासून भरलेला, तान्ह्या पोराएवढा जड.
त्यावर कागदाची नक्षी, नक्षीवर टाचण्या,
टाचण्यांतून फिरणारा दोरा,
दोऱ्याच्या टोकांना लाकडी बॉबिनी, जोडीजोडीनं.
आडवी टाक, पीळ दे, टाचणी खोच.
आडवी टाक, पीळ दे.
खाणीत उतरलेल्या माणसांच्या बायका
याच खटखटीवर रात्र काढायच्या.
खाण मिटली. खटखट राहिली.

लव्रो पोटात असताना मी एक किनार धरली,
टेबलावरच्या कापडासाठी.
आठवड्याला वीतभर सरकायची.
तो झाला, मग बोटभर.
तिंकारा झाली, मग नखभर,
तेही कापलेल्या नखाएवढं.
आता किनारीवरून बोट फिरवलं की कळतं,
इथे कांजिण्या,
इथे दाढा,
इथे आन्झे रात्रपाळीला आणि मी
दुधाच्या पातेल्याशी भांडत होते.

मार्चमध्ये एका दुपारी लव्रो झोपेत किंचाळला.
मी धावले. लोड तसाच टेबलावर.
परत येते तर तिंकारा खुर्चीवर उभी,
दोन्ही मुठी आवळलेल्या.
मुठी उघडल्या: रिकाम्या.
तोंड उघडलं: सहा दात, एक जीभ, थोडा पाव.
टाचण्या मोजल्या. त्रेचाळीस.
सकाळी चव्वेचाळीस होत्या.

फ्रिजवरचं चुंबक दोरीला बांधून
मी गुडघ्यांवर अख्खं घर पालथं घातलं.
एक नाणं सापडलं, एक केसांची पिन,
आन्झेचा जुना स्क्रू.
डॉक्टर काळा फोटो उजेडात धरून म्हणाले,
पोटात काही नाही. जेवायला घाला तिला.
आणि तुम्हीही जेवा.

लोड कपाटावर गेला,
शिक्षा झालेल्या मुलासारखा, तोंड भिंतीकडे.
पाच महिने.
पण हातांना कोण सांगणार?
ते बुटांच्या नाड्यांना पीळ देत बसायचे,
शेवया एकमेकींवरून आडव्या टाकायचे,
बसमध्ये पुढच्या बाईच्या शालीची गोंडे
मोजून जोड्या लावायचे. एकदा ती वळून बघू लागली.

मग ऑगस्टमध्ये वॉशिंग मशीनमधून आवाज आला.
टिक.
फेरा. टिक.
मी मशीन थांबवलं, एप्रन उपसला,
आणि दुमडीतून बाहेर आलेली ती, निळ्या डोक्याची,
पत्र्याला टेकलेली.
म्हणजे माझ्याच अंगावर होती ती,
मुलीला कडेवर घेताना, थोपटताना,
माझं डोकं तिच्या डोक्याला लावून
देवाला नाही नाही ते बोल लावताना.
आधी हसू आलं. मग हात कापायला लागले.
मग पुन्हा मशीन लावलं, कारण धुणं अर्धंच होतं.

तेव्हा पाहिलं, तिंकारा
मशीनच्या गोल काचेसमोर मांडी घालून बसलेली,
आणि लव्रो तिला सांगतोय,
तो बघ माझा मोजा, तो बघ, तो बुडला, तो आला!
हलत नव्हती दोघं.
आणि मशीनचं डोकं माझ्या छातीपर्यंत,
त्यांच्या हातांपासून दोन हात वर.

आता मी उभ्याउभ्या विणते.
खाली पाणी भरतं, वर दोरा सरतो,
मशीन थरथरलं की बॉबिनी
आपल्या आपणच बोलायला लागतात.
पिळायची वेळ आली की सगळं थांबवून
दोन्ही तळव्यांनी त्यांना धरून ठेवते,
नाहीतर सगळं गुंतवळ.
दात वाजत असतात माझे. मुलं टाळ्या पिटतात.
मग तीन शिट्ट्या, आणि काच काळी.

अजून, म्हणते तिंकारा.

आन्झेला काल नवल वाटलं,
या घरातले टॉवेल इतके कसे मळतात?
मी म्हटलं, मुलं आहेत ना.
आणि कालच धुतलेले चार टॉवेल,
अजून घडीही न मोडलेले,
आत टाकले.